अर्धा स्वर खाली

नुमाझु, ९ एप्रिल

शिगे,

हवा, फुलं, प्रकृती या चार ओळी पत्राच्या सुरुवातीला लिहायच्या असतात, त्या गाळतो. तू त्या वाचणार नाहीस आणि मला त्या जमत नाहीत. डिसेंबरात पाठवलेला कोंबू, तुमचं ते वाळवलेलं समुद्रशेवाळ, मिळाला. दर वर्षी मिळतो, आणि दर वर्षी बरोबर चिठ्ठी नसते. या वेळी पानं चांगली जाड होती, पण एका कडेला वाळवताना दव लागलेलं दिसलं. उकळल्यावर पाणी किंचित गढूळ आलं. सांगून ठेवतो, रागावू नकोस. बापाच्या मासे वाळवायच्या शेडमध्ये वाढलेल्या माणसाला वाळवण कळतं. तू कुशिरोला जाऊन सासऱ्याकडे शिकलास, मी जन्मल्यापासून त्या वासात आहे.

लिहायचं कारण वेगळं. या नोव्हेंबरात आपल्या 'बोहातेई' बँडला पस्तीस वर्षं होतात. कार्यक्रम इथे, गावच्या बेसबॉल मैदानावर. तुझ्यानंतरची आठ वर्षं आम्ही तिघंच आहोत. रेइजी गातो, दोइ बेस वाजवतो, मी गिटार आणि बाकी सगळं. ड्रमवर दर दौऱ्याला भाड्याचा माणूस. सध्याचा बरा आहे. ताल सोडत नाही, पण तुझ्यासारखा गाण्याच्या मागे किंचित रेलून वाजवत नाही. ते शिकवता येत नाही असं दिसतं. मी प्रयत्न केला.

रेइच्या घशाचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं हे तू कुठेतरी वाचलं असशील. डॉक्टर म्हणाला होता, बोलाल, गाल, पण वरचे सूर विसरा. तू म्हणशील, मी हेच आठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं. सांगितलं होतंस. सगळ्यांसमोर, सरावाच्या खोलीत, भाड्याने आणलेली दोन माणसं ऐकत असताना: "रेइ, पट्टी उतरव, वरचं तुला झेपत नाही आता." त्याने रेडिओवर आख्ख्या देशाला शब्द दिला होता की ज्या दिवशी मूळ पट्टी सुटेल त्या दिवशी माईक ठेवीन, हे माहीत असून सांगितलंस. मग पुढच्या आठवड्यात तुझ्या जाण्याचं निवेदन निघालं, 'संगीताच्या दिशेतील फरकामुळे'. ती दिशा कोणती हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

ऑपरेशननंतर मी मात्र काम केलं. कसं, ते तुला सविस्तर सांगतो, कारण त्याची किंमत कळेल असा दुसरा माणूस उरलेला नाही. गिटार आणि बेसच्या सगळ्या तारा अर्धा स्वर खाली. बोटं त्याच जागी, आवाज तेवढा खाली. कीबोर्डला त्यासाठी बटणच असतं. पण तारा नुसत्या ढिल्या केल्या की लुळ्या पडतात, गिटार बोबडं बोलते. म्हणून जाड तारा घेतल्या, आणि जुन्या तारांचा ताण हाताला जसा लागायचा तसा लागेपर्यंत चार कंपन्यांच्या लावून पाहिल्या. वाद्यांची चमक जरा वाढवली, म्हणजे गाणं खाली आलंय हे कानाला कळू नये. मला सुरांची लिपी वाचता येत नाही म्हणून एका मासिकाने मला एकदा 'अंतःप्रेरणेने वाजवणारा' म्हटलं होतं. अंतःप्रेरणेने हे होत नाही. याला कान लागतो.

पहिल्या दिवशी रेइ गायला. वरचा सूर लागला आणि तो थांबला. माझ्याकडे वळला, डोळे भरलेले. म्हणाला, "आला रे, कुवा." दोइ बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटांना नाडी नाही.

रेइला सांगितलेलं नाही. सांगायची गरज पडली नाही.

कुवाबारा

—

नुमाझु, २ जून

शिगे,

उत्तराची अपेक्षा नव्हती, त्यामुळे आलं नाही याचं काही नाही.

आपल्या गावाने एक गोष्ट केली आहे. संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या भोंग्यांतून मुलांना घरी बोलावणारी धून लागते ना, ती बदलून आपलं 'आणखी एक लाट' हे गाणं लावलं आहे. फक्त चाल, घंटेच्या आवाजात, वर्षभरासाठी. महापौरांच्या हस्ते पहिल्यांदा लागली तेव्हा आम्ही तिघं बंदरावर उभे होतो. धुनीतला एक सूर चुकीचा आहे. दुसऱ्या ओळीत मी जिथे मुद्दाम सूर लांबवला होता तिथे कोणीतरी तो सरळ करून टाकला आहे. मी नगरपालिकेला पत्र लिहिलं. 'आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहोत' असं उत्तर आलं, म्हणजे काही होणार नाही.

पण सांगायचं ते हे नाही. धून मूळ पट्टीत आहे. ती तशीच असणार, तबकडीवर आहे तशी. ती वाजली आणि रेइने भुवया जवळ आणल्या. तो म्हणाला, "भोंगे स्वस्तातले दिसतायत. जरा चढलेत, नाही?"

मी म्हटलं, "समुद्राची हवा. गंजतात."

दोइ मला नंतर गाडीत म्हणाला, "गंजून कधी काही चढतं का?" मी त्याला म्हटलं, तू बेस वाजव.

आणखी एक. फुकुओकाच्या त्या पोरांचा बँड आहे, हल्ली सगळीकडे त्यांचीच गाणी असतात. त्यांचा गिटारवाला मला भेटायला आला आणि ताठ उभा राहून कमरेत वाकला. म्हणाला, तुमच्या तबकड्या ऐकून ऐकून शिकलो, गुरू कोणी नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग त्याने 'आणखी एक लाट'ची सुरुवात वाजवून दाखवली. दुसऱ्या आवर्तनात त्याचं एक बोट चुकतं, गेली पंधरा वर्षं. आणि आता त्याच्याकडून शिकलेली सगळी पोरं ते तसंच चुकवतात. मी दुरुस्त करून दिलं. त्याने दोनदा बरोबर वाजवलं, तिसऱ्यांदा पुन्हा चुकवलं आणि हसला: "सर, माझ्या हाताला आता हेच गाणं आहे." आपला प्रभाव म्हणतात तो हा.

चाहत्यांची पत्रं मिझोगुचीबाई अजून निवडून देतात. मॅनेजर म्हणून त्या तुझ्या वेळी होत्या तशाच आहेत, फक्त चष्म्याचा नंबर वाढला. नागोयाच्या एका बाईने लिहिलंय, 'हल्ली गाणी पूर्वीपेक्षा उबदार लागतात, असंच चालू राहू द्या.' ही बाई पियानो शिकवते. तशी आणखी सहा-सात पत्रं आहेत. उबदार, मऊ, गडद. सगळ्यांना कळलंय, शिगे. ज्यांना कान आहे त्या प्रत्येकाला. आणि एकानेही कुठे एक अक्षर लिहिलेलं नाही. आपल्या माणसांसारखी माणसं नाहीत. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला.

आता काल काय झालं ते ऐक. रेइ रेडिओवर होता. निवेदिकेने विचारलं, ऑपरेशननंतर कसं वाटतं. त्याने सांगितलं की नोव्हेंबरचा कार्यक्रम तो सगळाच्या सगळा मूळ पट्टीत गाणार आहे. त्याने कोणाला विचारलं नाही. आज भित्तिपत्रकाचा नमुना आला, त्यावर आपल्या नावाखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापलंय: 'सर्व गाणी मूळ पट्टीत'. मिझोगुचीबाई माझ्याकडे बघत होत्या. मी नमुना तपासला, तारखेच्या पुढचा वार कंसात घालायला सांगितला आणि परत दिला.

कुवाबारा

—

नुमाझु, २८ जुलै

शिगे,

उकाडा फार आहे. तुमच्याकडे धुकं असेल.

आपली शाळा तिसऱ्या फेरीत हरली. मी सामन्याला गेलो होतो, बेसबॉलसाठी नाही. आपला खेळाडू तिसऱ्या बेसवर पोचला की शाळेचं पितळी वाद्यांचं पथक 'आणखी एक लाट' वाजवतं, हे तुझ्या वेळीच सुरू झालं होतं. आता ते एवढं मुरलंय की पलीकडच्या शाळेचे आईबापसुद्धा गुणगुणतात. ती मुलं जन्मायच्या आधीचं गाणं आहे. एका मुलीला मी विचारलं, हे गाणं कोणाचं? ती म्हणाली, "आमच्या शाळेचं."

हे पथक नोव्हेंबरला आमच्याबरोबर वाजवणार आहे. कल्पना रेइची. सगळ्यात शेवटचं गाणं, मुलं आणि आम्ही एकत्र. जाहिरातही झाली.

आता बघ. गिटारीच्या तारा मी ढिल्या करू शकतो. पितळी वाद्यं ढिली होत नाहीत. नळी थोडी बाहेर ओढली की केसभर उतरतात, अर्धा स्वर नाही. अर्धा स्वर खाली वाजवायचं म्हणजे प्रत्येक मुलाने प्रत्येक बोट नव्याने शिकायचं, आणि तेही अशा पट्टीत की जी पितळेला मुळात आवडत नाही. मी पथकाच्या इनागाकी बाईंना भेटायला गेलो. तिशीच्या आहेत, संगीत विद्यालयातून शिकलेल्या. मी जरा घुश्श्यातच गेलो होतो, पण बाई सरळ निघाल्या. मी सांगितलं, शेवटचं गाणं जरा खाली वाजवता येईल का, खुल्या मैदानात ते बरं वाटतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, आणि हिरवा चहा पुढे सरकवला.

"कुवाबारासान, मुलं करतील हो. जीव तोडून करतील. पण का म्हणून विचारतील. मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, कारण नाही सांगितलं तर?

"तर ती शोधून काढतील. तुमच्या मागच्या वर्षीच्या कार्यक्रमांचे तुकडे सगळ्यांच्या फोनवर आहेत." मग अगदी हळू म्हणाल्या, "मला वाटलं होतं, सेगावासानना माहीत असेल."

सेगावासान म्हणजे आपला रेइ. मी चहा संपवला. चांगला होता.

मुलांना सांगायचं तर गावभर होणार. न सांगायचं तर रेइ मुलांसमोर, गावासमोर, मूळ पट्टीत उभा राहणार. आणि तो सूर त्याच्याकडे नाही. तो आहे असं त्याला मी पटवलंय.

म्हणून लिहितो आहे. तू ये. कार्यक्रमाला नको, त्याच्या आधी. एक दिवस. विमानाचं मी बघतो. तू त्याला सांग. तुला ते येतं. मला वाटतं तुझ्याकडून त्याने ऐकलं तर तो फार तर तुझ्यावर चिडेल, आणि तुझ्यावर तो आधीच चिडलेला आहे.

कुवाबारा

—

नुमाझु, १६ सप्टेंबर

तुझं पोस्टकार्ड मिळालं. आठ वर्षांत पहिलं अक्षर, आणि त्यात एकच ओळ. 'तू सांग, कुवा.' मागच्या बाजूला बगळ्यांचं चित्र. हे कार्ड थंडीच्या शुभेच्छांचं आहे, सप्टेंबरात वापरायचं नसतं.

तुला हे नेहमीच सोपं गेलं. बोलायचं आणि निघून जायचं. जे मागे राहतात त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाबरोबर गाडीत बसावं लागतं, हे तू कधी जमेस धरलंच नाहीस.

तरी मी गेलो. हे वाचून तुला बरं वाटेल म्हणून सांगत नाही. रेइला मिशिमाला बोलावलं, त्या वाम माशाच्या दुकानात, जिथे आपण पहिल्या तबकडीचे पैसे मिळाल्यावर गेलो होतो आणि तू दोन थाळ्या खाऊन ओकला होतास. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. मी वाक्य ठरवून गेलो होतो. मासा भाजून यायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात सांगायचं आणि खाणं येईपर्यंत पहिला धक्का ओसरायचा, असा हिशेब होता.

मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला. आईला भेटून आला होता. ती वृद्धाश्रमात आहे आता, त्याला कधी ओळखते कधी नाही. तिथल्या लोकांनी आग्रह केला म्हणून तो जेवणघरात गायला, पेटीबिटी काही नाही, नुसता. आणि आई म्हणाली, हा आमच्या रेइजीसारखा गातो.

"नुसता गायलो, कुवा. कुठलं वाद्य नाही. तरी वर गेलो."

वाद्य नसताना माणूस आपल्याला झेपेल तिथूनच सुरुवात करतो, शिगे. हे तुला सांगायला नको. त्यालाही कोणी सांगायला नको होतं, एरवी.

मग तो म्हणाला, "डॉक्टरने सांगितलं विसरा, तेव्हा सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. तू एकटा तसं नाही बोललास. तू मला उभा केलास आणि म्हणालास, घे पहिल्यापासून. ते मी विसरणार नाही."

मासा आला. या वेळी माशावरचा रस जरा गोड होता, पूर्वीसारखा राहिलेला नाही. मी खाल्ला. बिलावरून त्याच्याशी भांडलो आणि हरलो. स्टेशनवर त्याने मला पाठीत एक धपका घातला. "म्हाताऱ्या, तू थकलेला दिसतोस. औषधं घेतोस ना?"

हे असं झालं. तुला जमलं असतं. मला जमलं नाही, आणि मला न जमणाऱ्या गोष्टी फार नाहीत हे तुला माहीत आहे.

—

नुमाझु, ३० ऑक्टोबर

शिगे,

उपाय संपले. दोइ म्हणाला, शेवटच्या गाण्यात जुना ध्वनिमुद्रित आवाज लावू, वारा असेल, कळणार नाही. मी त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. मग तासाभराने मीच ते लावून ऐकलं. तेव्हाचा रेइ. पंचविशीतला. कळणार नाही असं म्हणणाऱ्याला कान नाही.

भाड्याचा ड्रमर म्हणाला, सर, मुलांना आजारी पाडता येत नाही का. तो विनोद करत होता. मी त्यावर विचार केला, एवढं सांगितलं तरी पुरे.

मिझोगुचीबाई म्हणतात, कदाचित लागेल त्याला तो सूर, त्या दिवशी, गर्दीत. लोकांना काय काय जमून जातं. त्या तीस वर्षं या धंद्यात आहेत आणि असं बोलतात.

इनागाकी बाईंनी निरोप पाठवलाय की मुलं तयार आहेत. मूळ पट्टीत. उन्हाळाभर वाजवलंय, तयारच होती.

पाच वाजले. भोंगा लागलाय. खिडकी लावून घेतो.

—

नुमाझु, १० नोव्हेंबर

शिगे,

कार्यक्रम काल झाला. पण सांगायचं आहे ते परवाच्या सरावाचं. ते क्रमाने सांगतो.

मैदानावर ऊन होतं, वारा थंड. मुलं गणवेशात, ओळीने बसलेली, पाठी ताठ. रेइने त्यांना वाकून नमस्कार केला, मुलांनी आख्ख्या पथकाने केला. त्याने तुझा तो जुना विनोद सांगितला, बंधाऱ्यावर सराव करताना ड्रमची झांज समुद्रात गेली त्याचा. मुलं हसली. शेवटच्या गाण्यासाठी मी गिटार बदलली होती, मूळ पट्टीत लावलेली घेतली होती. दोइनेही. दुसरा मार्गच नव्हता. मी मनाशी म्हटलं, मिझोगुचीबाई म्हणतात तसं होवो.

मुलांनी सुरुवात केली. शिगे, काय वाजवलं त्यांनी. रेइ दोन ओळी गायला आणि थांबला. हात वर केला. चेहरा अगदी मायाळू. इनागाकी बाईंजवळ गेला आणि म्हणाला की मुलं फार छान वाजवतायत, फक्त जरा चढी आहेत, थंडीमुळे असेल.

थंडीने पितळ उतरतं, चढत नाही. हे त्या पथकातल्या सगळ्यात लहान मुलालाही माहीत असतं. बाईंना माहीत होतं. पण समोर सेगावा रेइजी उभा होता, पस्तीस वर्षांचं नाव, आणि शेजारी आम्ही. बाईंनी मान झुकवली. "चुकलं आमचं. लगेच बघतो." मुलांकडे वळल्या आणि म्हणाल्या, नळ्या थोड्या ओढा.

मुलांनी ओढल्या. पुन्हा वाजवलं. आता ती सगळी बेसूर झाली होती, आमच्याशी आणि एकमेकांशीही. रेइ म्हणाला, अजून जरा. त्यांनी आणखी ओढल्या. पहिल्या ओळीत तुतारी वाजवणारी एक मुलगी होती. तिने सूर मोजायचं यंत्र वाद्याला लावलं, बघितलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. तिला वाटलं यंत्र बिघडलं. उन्हाळाभर बरोबर वाजवलेलं गाणं आपल्याला येत नाही, असं त्या मुलांना वाटायला लागलं होतं, आणि एकही जण बोलत नव्हता. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या.

चौथ्यांदा थांबल्यावर रेइ माझ्याकडे वळला. त्याला त्या मुलांची दया येत होती. म्हणून तो वळला. "कुवा, माझं राहू दे. तू सांग. तुझा कान."

दोइ खाली बघत होता. आजूबाजूला दिवे लावणारे, खुर्च्या मांडणारे, सगळे थांबले. मला खोटं बोलता आलं असतं. मी तो विचार पूर्ण केला, अर्धवट नाही सोडला. मग त्या मुलीने पुन्हा ते यंत्र पुसलं.

मी म्हटलं, "मुलं बरोबर आहेत."

रेइ माझ्याकडे बघत राहिला.

"एरवी आपणच खाली असतो," मी म्हटलं. "अर्धा स्वर. तुझ्या ऑपरेशनपासून."

मला वाटलं होतं तो ओरडेल, आणि त्यासाठी मी तयार होतो. तो मुलांच्या समोर गेला, पाय जुळवले आणि कमरेत वाकला. इतका वेळ वाकलेला राहिला की मागच्या रांगेतली मुलं उठून उभी राहिली, आपण काय करायचं ते त्यांना कळेना. मग ताठ होऊन म्हणाला, "चूक माझी होती. तुम्ही तुमच्या सुरात वाजवा. मला एकदा ऐकू द्या." त्यांनी नळ्या परत आत ढकलल्या. रेइ गायला. वरच्या सुरापाशी आवाज फाटला, मग उरलाच नाही. त्याने मुलांचे आभार मानले. त्या मुलीला विचारलं की तुझं यंत्र कुठल्या कंपनीचं, आणि म्हणाला, फार चांगलं आहे.

जाताना माझ्यापाशी थांबला. "कुवाबारासान," म्हणाला, "तुम्ही इतके दिवस फार काळजी घेतलीत. आभारी आहे."

शाळेत शेजारी बसायचो तेव्हापासून तो मला तू म्हणतो.

काल मैदान भरलं होतं. तो आला, सगळी गाणी गायला, खालच्या पट्टीत. जसं गायचा तसंच गायला, किंबहुना मला वाटतं जास्त चांगलं. 'मूळ पट्टीत' छापलेल्या त्या कागदांपुढे उभा राहून गायला, आणि लोकांनी एवढ्या जोराने टाळ्या वाजवल्या की मला कळलं, या सगळ्यांनाही माहीत आहे. त्यालाही कळलं. मी बाजूला उभा होतो, बघत होतो. प्रत्येक टाळीला त्याचा चेहरा थोडा थोडा बंद होत गेला. इतकी माणसं इतके दिवस आपल्याला सांभाळून घेत होती, हे एका माणसाला एका संध्याकाळी किती वेळा कळावं?

शेवटचं गाणं तो गायला नाही. मुलांकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभा राहिला. मुलांनी वाजवलं, आणि मैदानाने गायलं. दर उन्हाळ्यात गातात तसंच, मूळ पट्टीत. वरचा सूर कोणाला लागला कोणाला नाही, हजारो माणसांत ते ऐकू येत नाही. मी गिटार वाजवत होतो. मध्येच मी हात उचलून बघितला. काही फरक पडला नाही. गाण्याला आमची कोणाचीच गरज नव्हती, बऱ्याच वर्षांपासून नव्हती.

रेइचे ओठ हलत होते. मी तीन पावलांवर होतो, पण त्याचा माईक बंद होता.

—

नुमाझु, ६ डिसेंबर

शिगे,

निवेदन परवा निघेल. 'बोहातेई अनिश्चित काळासाठी काम थांबवत आहे.' मसुदा मिझोगुचीबाईंनी केला, मी दोन स्वल्पविराम काढले. कारण लिहिलेलं नाही. 'दिशा' हा शब्द मी घालू दिला नाही.

रेइने माझा फोन उचलला नाही असं नाही. प्रत्येक वेळी उचलतो, आणि इतकं सभ्य बोलतो की मी विचारायचं ते विसरतो. थंडीत तब्येत जपा म्हणतो. मी एकदा म्हटलं, शिवी दे, काहीतरी दे. तो म्हणाला, तुमच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. ते खरं असावं अशी मला भीती वाटते.

मी केलं ते चुकलं असं मला अजूनही पूर्ण वाटत नाही. दोन वर्षं तो सुखाने गायला. तुझ्या पद्धतीने गेलो असतो तर ती दोन वर्षं झालीच नसती. पण हे आता कोणाला पटवायचं, ते माहीत नाही.

मिझोगुचीबाईंकडून कळलं की त्याने तुझा पत्ता मागून घेतला, आणि काल सकाळच्या विमानाने कुशिरोला गेला. म्हणजे हे पत्र येईल तेव्हा तो तुझ्याकडे असेल. ज्याने तोंडावर सांगितलं त्याच्याकडे गेला. त्याला दोष देता येत नाही.

त्याला थंडी सोसत नाही, घशाला तर अजिबात नाही. मफलर तो विसरूनच आला असेल. खोलीत पाण्याचं भांडं ठेव, तुमच्याकडे हीटरने हवा फार कोरडी होते. सकाळी लवकर बोलायला लावू नकोस. मी विचारलं हे त्याला सांगू नकोस.

तुझ्याकडे जुना ड्रम असेल शेडमध्ये, विकला नसशील. वाजव, म्हणजे मी तुला सांगतोय असं नाही, पण तो असताना वाजव. आणि एवढंच कळव की तो गातो का. पोस्टकार्ड चालेल, कुठल्याही मोसमाचं. कोणत्या पट्टीत, ते विचारणार नाही.

कुवा